परिचारिका सोडून का जातात?

लहान रुग्णालयांत परिचारिका टिकत नाहीत, जास्त पगारासाठी त्या पुण्याला निघून जातात, असे नेहमी म्हटले जाते आणि ते खरेही आहे. परंतु लातूरमधील ३० खाटांच्या एका रुग्णालयाचे व्यवस्थापन काही वर्षे पाहिल्यानंतर मला पगाराइतकेच ड्युटीच्या वेळापत्रकाचे महत्त्व पटले आहे. आमच्याकडे रात्रीची ड्युटी सकाळी ८ वाजता संपत असे. औशाहून येणाऱ्या सिस्टरची एसटी चुकली की रात्रभर उभी असलेली सिस्टर साडेनऊपर्यंत अडकून पडे आणि त्या थकव्यात सलाईन-इंजेक्शनच्या नोंदी अर्धवट राहत. पुढच्या आठवड्याचे वेळापत्रक गुरुवारीच लावणे, ड्युटी बदलताना दोघींनी प्रत्येक खाटेजवळ उभे राहून रुग्णाची माहिती देणे-घेणे आणि जास्तीच्या वेळेचा मोबदला देणे, एवढे सुरू केल्यावर राजीनामे थांबले नाहीत, पण निश्चित कमी झाले. शिवाय दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती आवश्यक आहे. अनेक ठिकाणी ती कागदावरच असते, याची मला मनापासून खंत वाटते. तक्रार घेऊन नेमके कोणाकडे जायचे, हे प्रत्येक सिस्टरला रुजू होण्याच्या दिवशीच सांगितले पाहिजे.