मदत हवी आहे: एलायझात (अँटीबॉडी मोजायची चाचणी) अँटीबॉडी भरपूर, पण व्हायरस अडतच नाहीये

रात्रपाळी: लवकर सांगा कोणीतरी, सोमवारी गाईडला दाखवायचंय. उंदरांना प्रोटीन टोचलं, सीरमचा एलायझा एकदम झकास, पण तेच सीरम व्हायरसमध्ये मिसळून पेशींवर टाकलं तर पेशी खुशाल इन्फेक्ट होतायत. प्रोटीन पृष्ठभागावरचंच आहे, मग ही अँटीबॉडी चिकटून करतेय काय??

तर्कटराव: कुठला व्हायरस? कुठलं प्रोटीन? आम्ही काय ओळखायचं?

रात्रपाळी: फ्लू. पृष्ठभागावरचं म्हटलं ना.

जुना_बाक: एचआय (हिमॅग्लुटिनेशन इनहिबिशन) चाचणी लाव आणि मोकळा हो. व्हायरस तांबड्या पेशींची जाळी करतो, सीरमने ती थांबली की अँटीबॉडी चालतेय. टायटर (सीरम किती पट पातळ केलं तरी काम करतं तो आकडा) 40 आला की संरक्षण, विषय संपला.

तर्कटराव: 40 ला धोका साधारण निम्मा होतो काका, शून्य नाही. आणि एचआयमध्ये हिमॅग्लुटिनिनचं, म्हणजे व्हायरस ज्याने पेशीला चिकटतो त्या प्रोटीनचं, डोकं झाकलं का तेवढंच कळतं, दांड्याला धरणाऱ्या अँटीबॉडी तिथे दिसतच नाहीत.

साधाभोळा: माझा हिपॅटायटिस बी लसीनंतर अँटी-एचबीएस (त्या लसीने तयार होणारी अँटीबॉडी) 14 आलाय, बूस्टर घेऊ का?

रात्रपाळी: अहो न्युरामिनिडेज टोचलंय, फ्लूचं पृष्ठभागावरचं दुसरं प्रोटीन!! एचआय कशाला लावू?

कोपऱ्यातली_खुर्ची: हे आधी सांगायचं ना! पेशीवरच्या सायलिक ॲसिड नावाच्या साखरेला धरून आत शिरायचं काम हिमॅग्लुटिनिनचं. न्युरामिनिडेज तेच सायलिक ॲसिड कापतं, म्हणून नवे तयार झालेले व्हायरस पेशीला चिकटून न बसता सुटतात. तुझी अँटीबॉडी शिरताना अडवतच नाही, सुटताना अडवते, ओसेल्टामिविर गोळी पण ह्याच पायरीवर काम करते. सीरम तासाभराने धुऊन टाकतोस का? मग सुटायच्या वेळी अँटीबॉडी उरतच नाही.

रात्रपाळी: हो, प्रोटोकॉलच तसा आहे

जुना_बाक: म्हणजे इन्फेक्शन झालंच की. ह्याला संरक्षण म्हणायचं?

कोपऱ्यातली_खुर्ची: का नाही? लागण झाली तरी पुढे कमी पसरतं, आजार हलका जातो. सगळं काय दारातच थांबायला हवं का.

टी_पेशी_झिंदाबाद: अँटीबॉडीचं एवढं कौतुक का करतात कळत नाही, इन्फेक्ट झालेल्या पेशी शेवटी आमच्या टी पेशीच मारतात

तर्कटराव: आले हे. त्याच्या डिशमध्ये टी पेशी आहेत का?

साधाभोळा: 14 चं कोणी सांगेल का

तर्कटराव: 10 किंवा वर म्हणजे सहसा पुरेसं धरतात, डायलिसिस वगैरे असेल तर डॉक्टरांना विचारा. आणि वेगळा धागा काढा हो.

रात्रपाळी: मग मी आता नक्की काय करू??

कोपऱ्यातली_खुर्ची: प्लाक ॲसे लाव, म्हणजे व्हायरसने पेशी मारून पाडलेली भोकं बघायची. सीरम ओव्हरलेमध्येही (पेशींवर ओततात त्या घट्ट थरात) घाल, धुऊ नकोस. प्लाकची संख्या फारशी नाही बदलणार, आकार मोज, बारीक दिसतील. सोबत फेट्युइनवाला (सायलिक ॲसिड असलेलं प्रोटीन) एन्झाइमचा ॲसे पण लाव, न्युरामिनिडेजचं कापणं थांबतं का ते कळेल. आणि कंट्रोलला न टोचलेल्या उंदराचं सीरम ठेव, नुसत्या सीरमनेही फ्लू थोडाफार दबतो.

रात्रपाळी: ओव्हरलेला अगार चालेल ना? ॲव्हिसेल (ओव्हरलेसाठीचं सेल्युलोज) संपलंय