‘दिसेन्यो’ आणि ‘कोलोरितो’ला मराठीत काय म्हणावं?

इटलीतल्या प्रबोधनकाळातल्या चित्रकलेवर लेख लिहिते आहे. फ्लॉरेन्सचा ‘दिसेन्यो’ आणि व्हेनिसचा ‘कोलोरितो’ हे शब्द सारखे येतात. ‘रेखांकन’ आणि ‘रंगसंगती’ लिहून पाहिलं, दोन्ही तोकडे वाटतात. काही सुचतंय का?

—

ताई, दिसेन्योसाठी ‘आखणी’ घ्या. त्या शब्दात नुसती रेघ नाही, रेघ ओढण्याआधी डोक्यात पक्की झालेली रचनाही आहे. आपण समास आखतो, मोहीमही आखतो. फ्लॉरेन्सच्या भित्तिचित्रांत आखणीवाचून भागतच नसे. गिलावा ओला आहे तोवर त्या दिवसाचा तुकडा रंगवून व्हायला हवा. म्हणून चित्र आधी पूर्ण आकारात कागदावर काढायचं, रेघांवर टोचून भोकं पाडायची आणि वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटायची. उदबत्तीने भोकं पाडलेल्या कागदावरून आपण रांगोळीचे ठिपके उमटवतो ना, अगदी तसंच. १५६३ मध्ये तिथे कलावंतांची अकादमी निघाली, तिच्या नावातच दिसेन्यो आहे.

—

आखणी पटली. पण रंगसंगती नको. कोणत्या रंगाशेजारी कोणता रंग, एवढंच त्यातून कळतं. ‘कोलोरे’ म्हणजे रंग आणि ‘कोलोरितो’ म्हणजे तो लावण्याची तऱ्हा. व्हेनिसच्या खाऱ्या, दमट हवेत भित्तिचित्रं टिकत नसत, त्यामुळे तिथे कॅनव्हास आणि तैलरंग रुजले. तेल सावकाश वाळतं, चित्रकाराला रंगवता रंगवता बेत बदलता येतो. उतारवयात व्हेनिसचा चित्रकार तिशियन शेवटचा हात ब्रशापेक्षा बोटांनीच जास्त फिरवायचा, असं तिथल्याच धाकटा पाल्मा या चित्रकाराने सांगितलेलं आहे. मी तर ‘रंगत’ म्हणेन. गाण्यातली रंगत कुणी घरून बांधून आणत नाही, ती गाता गाता चढते.

—

रंगत फार आवडली, पण ‘व्हेनिसची रंगत’ लिहिलं की वाचणाऱ्याला तिथली मौजमजा वाटेल. ‘रंगवणं’ साधं आहे, पण नेमकं आहे.

आखणीही सगळीकडे बसेना. रोममध्ये तिशियनचं ‘दानाए’ हे चित्र पाहून मायकेलअँजेलोने रंगवण्याची तारीफ केली, पण व्हेनिसमध्ये सुरुवातीपासून नीट दिसेन्यो शिकत नाहीत म्हणून हळहळला, असं कलावंतांची चरित्रं लिहिणारा वसारी लिहितो. (वसारी स्वतः फ्लॉरेन्सच्या बाजूचा, हे विसरायला नको.) इथे ‘आखणी शिकत नाहीत’ कानाला खटकतं. इथे ‘रेखाटन’च हवं. आणि अकादमीच्या नावात आखणी.