तांब्याचा हेतू कुणी ठरवला?

रेघोट्या:
काल ‘नकाशा’ यांनी लिहिलं, “उद्दिष्ट आधी लेखी ठरलं नसेल तर ते डिझाइन नव्हे, अपघात.” हे मला अजिबात पटत नाही. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझायनर जोडपं भारतभर हिंडलं. भारत सरकारसाठी लिहिलेल्या त्यांच्या अहवालात सगळ्यात जास्त कौतुक लोट्याचं आहे. भरल्यावर तोल कुठे जातो, डोक्यावरून नेणार की कमरेवरून, ओतायला कसा, हे सगळं एकट्या माणसाला सुचणं शक्य नाही, असं ते म्हणतात. या अहवालातूनच पुढे अहमदाबादची एनआयडी, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्था, उभी राहिली. मग लोटा अपघात?

मठार:
एकट्याने केला नाही म्हणजे हेतूशिवाय झाला, असं कुठे आहे? माझे आजोबा पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम करायचे, म्हणजे तांब्या-पितळेची भांडी ठोकून घडवायचे. गिऱ्हाईक बाई सांगायची, “गळा रुंद ठेवा, हात आत जात नाही, घासू कशी?” पुढचा तांब्या तसा व्हायचा. ठोक्यांनी पत्रा कठीण होतो, म्हणून ठोके. आता यंत्रावर नुसते शोभेचे खळगे उठवतात आणि हातकामाच्या भावाने विकतात. त्यावर लिहा कुणीतरी!

पूर्वेकडची:
तांब्या राहू द्या. आमच्या स्टेशनबाहेरच्या स्कायवॉकचं उद्दिष्ट लेखीच होतं: पादचाऱ्यांना सुरक्षित वाट. माझ्या आईचे गुडघे गेलेत. जिने चढवत नाहीत. भाजी खाली, रिक्षा खाली. ती रोज गाड्यांमधूनच रस्ता ओलांडते. रस्ता मोकळा झाला तो गाड्यांसाठी.

नकाशा:
दोष चुकीच्या उद्दिष्टाचा. मी पावसात रोज स्कायवॉकनेच जातो. जयपूर फूट हा कृत्रिम पाय बघा. तो घडवणारे कारागीर रामचंद्र शर्मा आणि हाडांचे डॉक्टर सेठी यांच्यापुढे उद्दिष्ट स्पष्ट होतं: उकिडवं बसता यावं, मांडी घालता यावी, अनवाणी चिखलातून चालता यावं.

पूर्वेकडची:
तुमचे गुडघे धड आहेत म्हणून जाता! आणि जयपूरला ते उद्दिष्ट आलं कुठून? बूट घालावा लागणारे परदेशी पाय टाकून लोक पुन्हा कुबड्या घ्यायला लागले, तिथून. आमच्याकडे आईला कुणी विचारलं?

नकाशा:
आवाज चढवू नका. ‘लेखी’ हा शब्द मागे घेतो. ‘आधी’ नाही घेणार.

मठार:
आजोबांचा अरुंद गळ्याचा तांब्या आधी परत आला, साहेब. रुंद गळा त्यानंतरचा.

पूर्वेकडची:
आणि स्कायवॉक परत करता येत नाही.