मदत हवी आहे : चावी सोडली की बोटीचं इंजिन बंद पडतं

मंडळी, उजनीच्या बॅकवॉटरला, करमाळ्याच्या बाजूला आमची जुनी स्की बोट आहे. पेट्रोल इंजिन, पॉइंट-कंडेन्सरवालं, म्हणजे ठिणगीसाठी जुन्या पद्धतीचं इग्निशन. स्टार्टर फिरतोय तोवर इंजिन फायर होतं, चावी सोडून 'ऑन'वर आली की त्याच क्षणी बंद. पॉइंट साफ करून गॅप लावला, प्लग नवे टाकले, पेट्रोल नीट येतंय. बॅटरी १२.६ व्होल्ट. प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या इग्निशन कॉइलच्या प्लसला स्टार्टर फिरताना साधारण १० व्होल्ट, 'ऑन'वर मात्र शून्य!

मला बॅलास्ट रेझिस्टरचा (इंजिन चालू असताना कॉइलचा करंट कमी ठेवणारा रोधक) संशय आहे, कारण स्टार्ट करताना करंट त्याला वळसा घालून थेट कॉइलला जातो. पण त्याचा पांढरा चिनी मातीचा तुकडा कुठेच दिसत नाही. त्याऐवजी हार्नेसमध्ये (वायरच्या जुडग्यात) रेझिस्टन्स वायर असेल का? की चावीचा स्विचच गेला? आधी कुठे मीटर लावू?

सोलापुरातले इलेक्ट्रिशियन म्हणतात, बॅटरीतून थेट वायर द्या. पण तसं कायम ठेवलं तर कॉइल तापेल, पॉइंट जळतील. शिवाय इंजिनच्या बंद खणात पेट्रोलची वाफ साठते, तिथे उघडी जोडणी करायला मन धजत नाही. वाफ बाहेर काढणारा ब्लोअर आधी चालवतोच, तरीही घरची मुलं बोटीत बसतात. जुन्या मरीन इंजिनांवर हात बसलेलं कुणी सोलापूर-पुण्याकडे असेल तर कृपया सांगा.