कॅमेऱ्यासमोर बोलताना: तुमची भीड कशी चेपली?

एरवी भरभरून बोलणारी माणसं मोबाइल समोर लावला की गप्प होतात. रेसिपी असो, शिकवणी असो की शेती, ज्यांची भीड चेपली त्यांनी लिहा. 'आत्मविश्वास ठेवा' एवढंच नको, नक्की काय केलंत ते सांगा. सुरुवात मी करते.

मला माझा आवाजच नकोसा व्हायचा. बोलताना आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो, शिवाय कवटीच्या हाडांतूनही पोचतो, म्हणून भरदार वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये हाडांतून येणारा भाग नसतो. म्हणजे जो आवाज मला परका वाटत होता, तोच घरच्यांच्या ओळखीचा! हे समजल्यावर स्वतःचे ऑडिओ मुद्दाम ऐकत गेले. हळूहळू खटकेनासं झालं.

*

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. 2020च्या टाळेबंदीत पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर धडे पाठवायचे होते. वर्गात मुलांच्या चेहऱ्यावरून कळतं, कुठे थांबायचं, काय पुन्हा सांगायचं. लेन्समधून काहीच परत येत नाही, आणि माझा आवाज एकसुरी व्हायचा. मग पुतणीला मोबाइलच्या मागे बसवलं. अपूर्णांक तिला समजला नाही की ती कपाळाला आठ्या घालायची, मी भाकरीचे तुकडे करून पुन्हा सांगायचे. ते व्हिडिओ मुलं वडील कामावरून आल्यावर, त्यांच्या फोनवर बघायची. पुतणी नसती तर मला ते जमलंच नसतं.

*

नाशिककडचा द्राक्षबागायतदार. आधी पुस्तकी बोलायला जायचो आणि अडकायचो. ऑक्टोबर छाटणीला कात्री हातात घेऊनच बोललो, कुठला डोळा, म्हणजे कोंब फुटतो ती जागा, ठेवायचा ते वेलीच्या काडीवर दाखवत. हात कामात असले की शब्द आपोआप येतात. आता बांधावर बोलतो तसंच बोलतो.

*

चेहरा वाकडा दिसतो असं वाटणाऱ्यांसाठी: सेल्फी घेताना पडद्यावर आरशासारखी उलटी प्रतिमा दिसते, पण व्हिडिओ बऱ्याच फोनमध्ये सुलट साठवला जातो. आपल्याला आरशातल्या चेहऱ्याची सवय, म्हणून तो वेगळा भासतो. मी पडद्यावर कागद चिकटवते, फक्त लेन्स उघडी. नजरही भरकटत नाही.

*

माझा पुरणपोळीचा व्हिडिओ तयार आहे, पण नातेवाईक वजनावरून बोलतील म्हणून टाकलेला नाही. काय करू?

ताई, त्यांना वगळून आधी दोन मैत्रिणींना पाठवा. पोळी फुटू नये म्हणून पुरण किती घट्ट हवं ते त्यांना कळलं का, एवढंच विचारा.