अमेरिकेत दोन वर्षांची एचआरची पदवी: करावी की नाही?

शमी: भाची तिकडच्या कम्युनिटी कॉलेजात एचआरची, म्हणजे मनुष्यबळ व्यवस्थापनाची, दोन वर्षांची असोसिएट डिग्री करायची म्हणतेय आणि घरात दोन तट पडलेत. माझं मत आधीच सांगते: करावी. एचआर म्हणजे गोड बोलणं आणि वाढदिवसाचे केक, असं ज्यांना वाटतं त्यांनी तिचा अभ्यासक्रम बघावा. समजा, कामगार एका आठवड्यात ४६ तास राबला, पुढच्या आठवड्यात ३४. एकूण ८०, मग ओव्हरटाइम कसला? तर तसं नाही. १९३८च्या फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्टप्रमाणे आठवडा सुटा धरतात, सरासरी चालत नाही. ४०च्या वरच्या ६ तासांचे दीडपट पैसे द्यावेच लागतात. हे जाणणारं माणूस लहान कंपनीला पहिल्या दिवसापासून उपयोगी.

टाचणी: खरंय, पण एवढ्यासाठी दोन वर्षं? पगाराच्या टेबलावर बसलं की दोन महिन्यांत अंगवळणी पडतं. एचआर स्पेशालिस्टच्या जागांना बहुतेक ठिकाणी चार वर्षांची पदवी मागतात. हिच्या वाट्याला असिस्टंटची खुर्ची: फायली लाव, अर्ज स्कॅन कर. एचआरच्या प्रमाणपत्रासाठी पीएचआर परीक्षा असते, तिला बॅचलर्सवाल्याला दोन वर्षांचा अनुभव पुरतो, त्याहून कमी शिकलेल्याला चार लागतो. त्यापेक्षा अकाउंटिंग करावं, कुठेही चालतं.

खवचट: टाचणी, अर्धंच सांगितलंत. पीएचआर घेणाऱ्या संस्थेचीच एपीएचआर ही नवख्यांसाठीची परीक्षा आहे, तिला अनुभवाची अट नाही. आणि टेबलावर शिकवणाराच चुकत असेल तर? नव्या माणसाचा आय-९ (त्याला अमेरिकेत काम करायची परवानगी आहे का हे तपासायचा फॉर्म) भरताना "ग्रीन कार्ड दाखव" म्हणणारे जुनेजाणते कमी नाहीत. फॉर्मच्या यादीतली कुठली कागदपत्रं द्यायची हे त्या माणसाने ठरवायचं असतं. अमेरिकन पासपोर्ट एकटा पुरतो, नाहीतर ड्रायव्हिंग लायसन्स आणि सोशल सिक्युरिटी कार्ड ही जोडीही चालते. अमुकच कागद आण असा हट्ट धरला तर भेदभावाची तक्रार होऊ शकते. वर्गात हे पहिल्या सत्रात डोक्यात बसतं.

उंटावरचा: खरी मेख पदवीच्या नावात आहे. एएस (असोसिएट ऑफ सायन्स) असेल तर पुढे विद्यापीठात जाणं त्यातल्या त्यात सोपं. एएएस (असोसिएट ऑफ अप्लाइड सायन्स) मुळात थेट नोकरीसाठी आखलेली. विषय पूर्ण केल्याचे तिचे साठेक क्रेडिट सगळेच्या सगळे विद्यापीठात पुढे धरतील याची खात्री नाही. प्रवेशाआधी विद्यापीठाकडून लेखी घ्या, कॉलेजच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

टाचणी: म्हणजे माझ्याच मुद्द्यावर आलात! पुढे चार वर्षांचीच करायची तर आत्ता स्टॅटिस्टिक्स, इकॉनॉमिक्स घ्या, एचआर नंतर. नाहीतरी त्या वर्गात मानसशास्त्रज्ञ मास्लोचा माणसाच्या गरजांचा पिरॅमिडच घोकायचा, जो मास्लोच्या १९४३च्या लेखात नव्हताच.

खवचट: पिरॅमिडबद्दल पूर्ण सहमत, तो एकदाचा पुरून टाका. पण "माणूस बघितला की कळतं" म्हणणाऱ्या साहेबांना कोण समजावणार? मुलाखतीत सगळ्या उमेदवारांना ठरलेले तेच प्रश्न विचारले तर कोण चांगलं काम करेल याचा अंदाज जास्त बरोबर येतो, हे श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८मध्ये जुन्या अभ्यासांचे आकडे एकत्र करून मांडलं. अकाउंटिंगच्या वर्गात हे कोणी शिकवत नाही.

शमी: उंटावरचा, आत्ताच पाहिलं, तिची एएएसच आहे! विद्यापीठाला मेल करायला सांगते. टाचणी, तिला नोकरी सांभाळून शिकायचंय. चार वर्षं नुसतं शिकत बसणं परवडणारं नाही, त्याचं काय?

टाचणी: अकाउंटिंगचे वर्गही संध्याकाळी असतात की.