सीईटी मॉकचे मार्क वाचायचे कसे? मदत हवी आहे

मंडळी, भाची देवगडला बारावी सायन्सला आहे, इंजिनिअरिंगला जायचंय. एमएचटी-सीईटीच्या मॉकला (सराव परीक्षेला) २०० पैकी ११० च्या आसपास अडकलीये, फिजिक्स-केमिस्ट्री बरं जातं पण मार खाते मॅथ्समध्ये आणि तिथे ५० प्रश्न दोन-दोन मार्कांचे, म्हणजे अर्धे मार्क तिथेच की ओ! मॅथ्सची ९० मिनिटं संपली तरी शेवटचे प्रश्न कोरेच. निगेटिव्ह मार्किंग नाही मग कोरे का सोडतेस विचारलं तर म्हणते अंदाजाने मारले तर खरा स्कोर कसा कळणार. मुद्दा बरोबर आहे, पण परीक्षेत हीच सवय राहिली तर?

दुसरं, क्लासवाले मॉकवरून पर्सेंटाइल सांगतात ते कितपत धरायचं? खऱ्या सीईटीत पर्सेंटाइल आपल्या शिफ्टला बसलेल्या सगळ्या मुलांच्या तुलनेत निघतं, क्लासात मोजकी पोरं.

पेपरात साधारण २० टक्के भाग अकरावीचा येतो तो पार विसरलीये (अकरावी सिरियसली घेतं कोण म्हणा). आधी तो करावा की बारावीचा स्पीड वाढवावा? ज्यांच्या मुलांनी कोल्हापूर-पुण्याला न जाता इथेच राहून तयारी केली त्यांनी मॉकनंतर चुका कशा तपासल्या ते जरा सविस्तर सांगा. एप्रिल-मेमध्ये घरात आंब्याच्या पेट्या भरायची गडबड असते, तेव्हा काही होणार नाही, जे काय ते आत्ताच.